"फादर, एखादं चांगलं पुस्तक सांगा ना"



दोन रविवारांपूर्वीची गोष्ट. दुसरी मिस्सा आटोपून मी पायऱ्यांवर उभा होतो. आपल्या धर्मग्रामातील एक भगिनी गर्दी ओसरेपर्यंत थांबल्या आणि मग जवळ येऊन म्हणाल्या, "फादर, एखादं चांगलं पुस्तक सांगा ना वाचायला."

असे कोणी विचारले की माझा चेहरा खुलतो, हे एव्हाना तुम्हा सर्वांना ठाऊक झाले आहे. दाखल्यावर नुसती सही घ्यायला फादरकडे गेले तरी हातात पुस्तक घेऊनच परतावे लागते, असे कोणीतरी म्हणाल्याचे माझ्या कानावर आले आहे. त्यात खोटे काही नाही. पण त्या रविवारी माझ्या तोंडून चटकन नाव निघाले नाही. मी म्हणालो, "विचार करून सांगतो." त्यांना आश्चर्य वाटले असावे, कदाचित थोडे वाईटही वाटले असेल. मी का थांबलो, ते आज लिहितो आहे.

वाचनाची आवड मला घरातून मिळाली. आमच्या घरी 'निरोप्या' यायचा. फादर हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी अहमदनगर जिल्ह्यात १९०३ साली सुरू केलेले हे मासिक. अंक आला की वडील रात्री जेवणानंतर तो मोठ्याने वाचत आणि आम्ही भावंडे ऐकता ऐकता झोपी जात असू. पुढे नागपूरला सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ग्रंथालय म्हणजे काय ते कळले. तेथे मी पुष्कळ वाचले. थोडेफार समजले आणि बरेचसे न समजताच आवडले. त्या वयात एक खोड लागली ती अजून गेलेली नाही. जे मला आवडले ते समोरच्यालाही वाचायला लावल्याशिवाय मला चैन पडत नाही. हे प्रेम आहे की अहंकार, असा प्रश्न मला तेव्हा कधी पडला नव्हता.

तो प्रश्न एका घरात पडला. त्याला आता पंधराएक वर्षे झाली. तेव्हा मी अकोला जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी होतो. आपल्याच एका कुटुंबातील विशीतला मुलगा हायवेवर मोटरसायकलच्या अपघातात गेला. वडील जिनिंगमध्ये कामाला. अंत्यविधी झाला, त्यात माझे जे काम होते ते मी केले. पाचव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. आई एका कोपऱ्यात बसलेली, वडील दाराशी, नववीत शिकणारी धाकटी मुलगी आत चहा ठेवत होती. कोणी बोलत नव्हते. मीही काय बोलणार? मी प्रार्थना केली आणि पिशवीतून एक लहानशी पुस्तिका काढून वडिलांच्या हातात दिली. दुःखाचा अर्थ ख्रिस्ती श्रद्धेच्या प्रकाशात समजावून सांगणारी, दुसऱ्या भाषेतून मराठीत आणलेली ती पुस्तिका होती. "सवडीने वाचा, फार आधार वाटेल," असे सांगून मी उठलो. दुसऱ्या गावी मीटिंग होती. चहा तसाच राहिला. एकूण दहा मिनिटे झाली असतील.

पुन्हा त्या घरी जायला मला चार महिने लागले. कापसाचा हंगाम सुरू झाला होता, वडील पाळीवरून नुकतेच आले होते. पवित्र हृदयाच्या तसबिरीखालच्या फळीवर ती पुस्तिका नीट ठेवलेली होती. माझी नजर तिकडे गेलेली पाहून ते म्हणाले, "ठेवलं हाय फादर जपून. पन मले वाचाले लय टाइम लागते. पोरीनं वाचलं." मग थोडे थांबून, कसलीही तक्रार नसल्याच्या सुरात म्हणाले, "त्या दिवशी तुमी थोडे बसले असते त बरं झालं असतं जी."

मी मुलीकडे वळलो. वाटले, निदान पुस्तक कोणी वाचले तरी. विचारले, "कसं वाटलं?" ती म्हणाली, "फादर, हे ज्यांनी लिहिलं, त्यांच्या घरचं कोणी गेलं होतं का?"

मला माहीत नव्हते. मी पुस्तिका उलटसुलट करून पाहिली. लेखकाविषयी तिच्यात एक ओळही नव्हती.

बंधुभगिनींनो, तत्त्वज्ञानाच्या परीक्षेत मला दुःखाच्या समस्येवर चांगले गुण मिळाले होते. देव सर्वशक्तिमान आहे, देव प्रेमळ आहे, तरीही जगात दुःख आहे, ही तीन विधाने एकत्र कशी बसवायची याची उत्तरे मी पाठ म्हणू शकत होतो. सी. एस. लुईस या ब्रिटिश लेखकाचे याच विषयावरचे १९४० सालचे 'द प्रॉब्लेम ऑफ पेन' हे पुस्तक माझ्या खास आवडीचे होते. त्यात सारे कसे मुद्देसूद आहे. याच लुईसने १९६१ साली दुसरे एक पुस्तक छापले, 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ड' नावाचे, तेही टोपणनावाने. आदल्या वर्षी त्याची पत्नी कर्करोगाने गेली होती. त्या दिवसांत वह्यांत लिहिलेली ती टिपणे आहेत. त्यांत मांडणी नाही, देवावरचा राग आहे, घाबरणे आहे, पुन्हा पुन्हा त्याच जागी येणे आहे. न्यायाने बोलायचे तर पहिले पुस्तक लिहिणाऱ्यानेही दुःख पाहिले नव्हते असे नाही. त्याची आई तो लहान असतानाच गेली होती, पहिल्या महायुद्धात तो जखमी झाला होता. तरी दोन पुस्तकांत फरक आहेच, आणि नववीतल्या त्या मुलीने नेमके त्या फरकावर बोट ठेवले होते. मी सेमिनरीत पहिले पुस्तक दोनदा वाचले होते. दुसरे फळीवर होते, ते उघडले नव्हते.

मग मी स्वतःलाच विचारले, त्या दिवशी मी पुस्तिका का दिली? माझ्याकडे शब्द नव्हते म्हणून दिली, असे म्हणता येईल, आणि ते ऐकायला नम्रपणाचे वाटते. जे मला सांगता येत नाही ते माझ्याहून शहाण्या माणसाने सांगावे, यात गैर काय? पण माझ्या मनाला दुसरे कारणही माहीत होते. त्या खोलीत बसवत नव्हते. आईकडे पाहवत नव्हते. पुस्तिका देऊन मला बाहेर पडता आले. नम्रपणा आणि पळ काढणे ही दोन्ही बाहेरून अगदी एकसारखी दिसतात. दोन्हींत हात पुढे होतो, हातात पुस्तक असते. देणाऱ्यालाच काय तो फरक कळतो, आणि त्यालाही नेहमी कळतो असे नाही.

१९८४ साली संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी मानवी दुःखावर एक पत्र लिहिले. त्या मुलीचा प्रश्न त्यांना विचारला असता तर त्यांच्यापाशी उत्तर होते. आई ते नऊ वर्षांचेही नसताना गेली, मग मोठा भाऊ, मग वडील; आणि पत्र लिहिण्याआधी तीनच वर्षे त्यांच्या स्वतःच्या अंगात गोळ्या घुसल्या होत्या. त्या पत्राचा शेवटचा भाग चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर आहे. दुःखी माणसाजवळ जो थांबतो तो शेजारी, असे ते तेथे समजावतात. हा दाखला आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकला आहे. जखमी माणसाला पाहून वळसा घालून निघून जाणारा पहिला माणूस याजक आहे, हे मीही प्रवचनात कितीदा सांगितले आहे. त्या याजकाने निदान जखमी माणसाच्या उशाशी पुस्तक तरी ठेवले नव्हते.

सॉक्रेटिसची एक जुनी तक्रार प्लेटोने 'फीड्रस' या संवादात नोंदवली आहे. तो म्हणतो, लिहिलेले शब्द चित्रासारखे असतात. जिवंत वाटतात, पण काही विचारायला जावे तर गप्प बसतात, किंवा तेच ते पुन्हा सांगतात. आणि आपण कोणापाशी बोलावे, कोणापाशी बोलू नये, हे त्यांना कळत नाही. गंमत म्हणजे ही तक्रार आपल्याला समजली ती प्लेटोने लिहून ठेवली म्हणूनच. विद्यार्थिदशेत मला यात फक्त गंमत दिसली होती. त्या फळीवरच्या पुस्तिकेला मुलीने एक प्रश्न विचारला आणि पुस्तिका गप्प राहिली, तेव्हा सॉक्रेटिस काय म्हणत होता ते समजले.

मग पुस्तके देणे सोडूनच द्यावे का? काही दिवस मी खरोखरच सोडले होते. पण आपल्याच विदर्भातील एक घटना मला पुन्हा पुन्हा आठवत राहिली.

रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव आपल्याला ठाऊक आहे. त्यांची गीते गात आपली कित्येक कुटुंबे मोठी झाली. १८९३ च्या सुमारास हे टिळक, तेव्हा अर्थातच हिंदू पंडित, नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. त्या काळी गोऱ्या माणसाच्या डब्यात शिरणे म्हणजे अपमानाची तयारी ठेवूनच शिरणे. पण या गृहस्थांनी टिळकांना आदराने वागवले. गप्पा सुरू झाल्या, काव्याचा विषय निघाला, मग हळूहळू धर्माचा. शेवटी त्यांनी टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली, ती वाचण्याचे वचन घेतले, आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांना ते भाकीत फारसे रुचले नाही, पण वचन दिले होते म्हणून ते पेन्सिलीने खुणा करत वाचू लागले. मत्तयच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथून त्यांना हलता येईना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्या प्रवाशाचे नाव टिळकांना कधी कळले नाही, असे सांगितले जाते. 

ही गोष्ट मी पूर्वी सांगायचो तेव्हा माझा सारा भर पुस्तकावर असायचा. बघा, एका पुस्तकाने काय केले! आता मला पुस्तकाआधीची गोष्ट अधिक दिसते. आधी त्यांनी माणसाला माणूस म्हणून वागवले. त्याच्या आवडीच्या विषयावर बोलले, त्याचे ऐकले, आणि मग पुस्तक दिले. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात असाच एक प्रवासी आहे. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचत गाझाच्या रस्त्याने निघाला आहे. पुस्तक त्याच्या हातात आधीच आहे. त्याला ते कोणी द्यायला नको. फिलिप धावत रथाजवळ जातो आणि समजते का असे विचारतो. कोणी समजावून सांगितल्याशिवाय कसे समजणार, असे तो म्हणतो आणि फिलिपला वर बोलावून शेजारी बसवून घेतो. पुढचे सारे त्या शेजारी बसण्यातून घडते. बाप्तिस्मा झाल्यावर मात्र फिलिप तेथे राहत नाही. खजिनदाराला तो पुन्हा दिसत नाही आणि तरीही तो आनंदाने आपल्या वाटेने जातो. आगगाडीतील त्या प्रवाशाचेही असेच झाले. टिळकांनी वाचले की नाही, त्यांच्यात काही बदल झाला की नाही, हे विचारायला तो पुन्हा आला नाही. मी मात्र पुस्तक दिल्यावर आठव्या दिवशी विचारतो, "कुठपर्यंत आलात?" तुमच्यापैकी काही जण मला पाहून रस्ता बदलतात, त्याचे कारण मला ठाऊक आहे.

टिळकांच्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग लक्ष्मीबाईंचा आहे, आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. ज्या पुस्तकाने पतीचे आयुष्य बदलले त्यानेच पत्नीचा संसार मोडला. पतीने धर्मांतर केले तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. पाच वर्षे त्यांना लागली. त्यांना स्वतःच्या वाटेने, स्वतःच्या प्रश्नांवरून, आपल्या हातचे सोवळेओवळे एकेक करून सोडत यावे लागले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांसारख्या बुद्धिमान, उतावळ्या आणि प्रेमळ माणसालाही आपल्या पत्नीला आपल्या वेगाने पुढे नेता आले नाही. पुढे या लक्ष्मीबाईंनी, ज्यांचे शिक्षण असे फारसे झालेच नव्हते, 'स्मृतिचित्रे' लिहिली. १९३४ पासून ती भागाभागाने प्रसिद्ध झाली. त्यात धर्मोपदेश शोधू गेलात तर निराश व्हाल. नवऱ्याच्या विक्षिप्तपणावर हसणारी, स्वतःवरही हसणारी एक बाई तेथे भेटते. तिला काय सोसावे लागले असेल ते त्या हसण्यामागून कळते. भक्तिपर म्हणून छापलेल्या कितीतरी पुस्तकांपेक्षा हे पुस्तक मला जास्त ख्रिस्ती वाटते. आणि हो, टिळक पतिपत्नी प्रोटेस्टंट होती. एका वडीलधाऱ्या धर्मग्रामस्थांनी मला याबद्दल दबक्या आवाजात विचारले होते, म्हणून सांगून टाकतो.

त्यांचाही दोष नाही. आपल्या ख्रिस्तसभेने १५५९ पासून निषिद्ध पुस्तकांची यादी बाळगली होती. ती १९६६ साली रद्द झाली. चारशे वर्षे काय वाचू नये हे वरून सांगितले जात होते. यादी गेली ते बरे झाले. पण काय वाचावे हे सांगण्याच्या माझ्या उत्साहात त्या जुन्या यादीचाच काही अंश उरला आहे का, अशी शंका मला अधूनमधून येते. तुमच्या आत्म्यासाठी काय चांगले ते मला ठाऊक आहे, हे गृहीत दोन्हीकडे सारखेच आहे. ॲरिस्टॉटल म्हणतो की वैद्य 'माणसाला' बरे करत नसतो. तो कॅलियासला किंवा सॉक्रेटिसला बरे करतो, आणि ते माणूस असतात इतकेच. चांगले पुस्तक म्हणून एक वस्तू असते आणि ती कोणालाही दिली तरी चालते, असे मी धरून चाललो होतो. आता मोबाइलवर तर एकाच वेळी दोनशे जणांना तेच पाठवता येते. सकाळी उठल्याबरोबर मलाही कितीतरी सुविचार येतात. ते पाठवणाऱ्याने पाठवण्यापूर्वी माझा क्षणभर तरी विचार केला असेल का, हे मला सांगता येणार नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२४ साली साहित्यवाचनावर एक पत्र लिहिले. धर्मगुरूंच्या प्रशिक्षणापुरते लिहायला घेतलेले ते पत्र पुढे त्यांनी सर्वांसाठीच केले. त्यात ते आपली तरुणपणची आठवण सांगतात. अर्जेंटिनातील सांता फे गावी ते १९६४-६५ मध्ये शाळेत साहित्य शिकवत होते. अभ्यासक्रमात 'एल सिद' हे जुने स्पॅनिश महाकाव्य होते, आणि मुलांना लॉर्कासारखा अलीकडचा कवी वाचायचा होता. त्यांनी मुलांना सांगितले, 'एल सिद' घरी वाचा, वर्गात तुम्हाला आवडते ते घेऊ. पुढे मुले आपणहून जुन्याकडेही वळली. हे वाचले तेव्हा मला आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गाची आठवण झाली. तेथे मी मुलांना काय आवडते हे एकदाही विचारलेले नाही. आपल्याकडे अडचण आणखी वेगळी आहे. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, मित्रांत हिंदी, आणि काही घरांत मल्याळम किंवा तमिळ. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' कित्येकांनी हौसेने घेतले, पण नातवंडांना मराठी जोडाक्षरे जमत नाहीत आणि आजीआजोबांना बारीक टाइप दिसत नाही. अशा घरात "बायबल वाचत जा" असे सांगून मी काय सांगितले?

याबाबतीत पंडिता रमाबाईंचे मला नवल वाटते. त्यांच्या हाती पहिले शुभवर्तमान पडले ते आसामात सिलचरला असताना. लूकच्या शुभवर्तमानाची ती बंगाली प्रत घरातील पुस्तकांत कशी आली हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हते. म्हणजे तेथे देणाराही कोणी दिसत नाही. आम्हा शिफारस करणाऱ्यांचा भाव उतरवणारीच ही गोष्ट आहे. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्यांच्या आसऱ्याला आलेल्या स्त्रियांना रूढ मराठी बायबल जड जाते हे त्यांच्या लक्षात आले. वाचत राहा, समजेल हळूहळू, असे त्या म्हणाल्या नाहीत. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी साध्या मराठीत बायबल आणण्यात घालवली. १९२२ साली त्या गेल्या. मुक्तीच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातून छापलेले ते बायबल १९२४ साली बाहेर पडले. वाचायला सांगण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो अशांना.

जिनिंगमधल्या त्या गृहस्थांकडे मी नंतर जात राहिलो. सुरुवातीला नुसता बसायचो. योबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ काही न बोलता बसले होते. ते चुकायला लागले ते बोलायला लागल्यावर. एके संध्याकाळी त्यांनीच म्हटले, "ते पुस्तक वाचून दाखवा ना फादर थोडं." मी ती पुस्तिका काढली नाही. मी योबाचाच ग्रंथ काढला आणि तिसऱ्या अध्यायापासून वाचू लागलो, जेथे योब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. आई आतून येऊन दाराशी बसली. मध्ये वडिलांनी थांबवून विचारले, "हे बायबलातच हाय?" मी म्हणालो, "हो." "देवाले चालते हे?" मी पुन्हा हो म्हणालो. आमच्या वाचनाला असे प्रश्न येत गेले, आणि एक अध्याय संपायला दोन-तीन भेटी लागत. आपल्या वऱ्हाडातील माधानचे गुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टी गेलेले. इतरांनी वाचून दाखवलेले ऐकत ऐकत ते पंडित झाले, आणि चौतिसाव्या वर्षी, १९१५ साली गेले तेव्हा शंभराहून अधिक ग्रंथ मागे ठेवून गेले. वाचन म्हणजे एकट्याने कोपऱ्यात बसून करायची गोष्ट, ही माझी समजूत सेमिनरीच्या ग्रंथालयातली. माझ्या वडिलांच्या 'निरोप्या'च्या रात्री मी विसरलो होतो.

माझी बदली झाली तेव्हा योबाचा ग्रंथ अर्धाच झाला होता. देव वादळातून बोलू लागतो तेथवर आम्ही पोहोचलो नाही. मुलगी तेव्हा अकरावीला गेली होती. ती म्हणाली, पुढचं मी वाचून दाखवीन. तिने दाखवले का, हे मी विचारलेले नाही.

आता त्या भगिनींविषयी. गेल्या रविवारी मिस्सेनंतर मी त्यांना गाठले आणि पुस्तकाचे नाव सांगण्याऐवजी विचारले, "तुम्हाला स्वतःला वाचायचं आहे, की कोणाला द्यायचं आहे?" त्या जरा गप्प झाल्या. मग आम्ही मागच्या बाकावर बसलो. काय बोलणे झाले ते येथे लिहिण्याचे कारण नाही. चर्चचे दार लावायला आलेले भाऊ दोनदा डोकावून गेले. पुस्तकाचा विषय निघालाच नाही, आणि त्या उठल्या तेव्हा आम्हा दोघांच्याही ते लक्षात आले. "पुढच्या वेळी, फादर," असे म्हणून त्या गेल्या. माझ्या मनात दोन नावे आहेत. त्यांतले कोणते, ते अजून ठरत नाही.

जाता जाता एक सूचना. बाप्तिस्म्याच्या कुंडाशेजारचे पुस्तकांचे कपाट दोन्ही मिस्सांनंतर उघडे असते. किल्ली माझ्याकडे नाही, सिस्टरांकडे आहे. पुस्तक नेताना वहीत नाव लिहावे. परत करताना ते वाचले की नाही, हे मी विचारणार नाही. आणि ज्यांना बारीक टाइप दिसत नाही, त्यांच्या घरी येऊन आठवड्यातून अर्धा तास वाचून दाखवायला आपल्या युवक गटातील चौघांनी होकार दिला आहे. ज्यांना हवे असेल त्यांनी नावे द्यावीत. काय वाचायचे ते ऐकणाऱ्यांनीच ठरवायचे आहे.

तुमचा,
फादर